राजकारण आवडतं म्हणून राज्यशास्त्र घेऊ का?

दहावीचा निकाल लागला की मला येणाऱ्या प्रश्नांचा सूरच बदलतो. वर्षभर "उत्तर किती ओळींचं लिहू" आणि "प्रोजेक्ट हातानं लिहायचा की टाइप केला तर चालेल" असलं विचारणारी मंडळी गायब होतात आणि त्यांच्या जागी नवीन मुलं येतात, त्यांचे आईवडील येतात, कधी कधी तर मामा-आत्या पण येतात, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, अकरावीला राज्यशास्त्र घ्यावं का. यावेळी इतके जण आलेत की अख्खं सदर त्यांनाच देऊन टाकते. मी ज्युनिअर कॉलेजात हाच विषय शिकवते, म्हणजे मी माझ्या दुकानाकडे थोडं झुकणारच, ते धरून वाचा.

प्रश्न : मॅडम, मला दहावीला ८४ टक्के पडलेत. आर्ट्सला जायचं नक्की आहे आणि राज्यशास्त्र घ्यायचंय कारण मला राजकारणात खूप इंटरेस्ट आहे, बातम्या लागल्या की मी ताटावरून उठत नाही, कुठल्या मतदारसंघात कोण उभं होतं हे मला पाठ असतं. पुढे यूपीएससी करायचीये. पण बाबा म्हणतात, पुढारी होणारेस का, आणि शेजारची ताई म्हणते नुसतं पाठांतर आहे, बोअर होशील. घेऊ की नको?

उत्तर : तुझा इंटरेस्ट खरा आहे, पण तो नेमका कशात आहे हे आधी बघूया, कारण राजकारण आवडणं आणि राज्यशास्त्र आवडणं या दोन गोष्टींमध्ये दरवर्षी माझ्या वर्गातली निम्मी मुलं गल्लत करतात आणि दिवाळीपर्यंत त्यांची तोंडं उतरतात.

उदाहरण देते. पक्ष फुटला. टीव्हीवर काय चालतं, तर कोण कुणाला भेटलं, कोण कुठल्या हॉटेलात, कुणी पाठीत खंजीर खुपसला, पुढे काय होणार. तू हे सगळं बघितलंयस, मीही बघितलंय, मजा येते, खोटं कशाला बोलू. आता तीच गोष्ट वर्गात आली की काय होतं बघ. १९८५ साली ५२वी घटनादुरुस्ती झाली आणि संविधानात दहावं परिशिष्ट आलं, म्हणजे आपला पक्षांतरबंदी कायदा. त्यात सुरुवातीला पक्षाचे एक तृतीयांश आमदार-खासदार एकत्र बाहेर पडले तर त्याला फूट म्हणून सूट होती, म्हणजे एकट्यानं उडी मारली तर अपात्र आणि टोळीनं मारली तर चालतंय. २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीनं ती सूट काढून टाकली आणि फक्त विलीनीकरणाची वाट ठेवली, त्याला दोन तृतीयांश लागतात. आणि अपात्र कोण हे ठरवतात सभागृहाचे अध्यक्ष, जे स्वतः बहुतेक वेळा सत्ताधारी पक्षाकडूनच निवडून आलेले असतात. मग प्रश्न असा येतो की आमदार नेमका कुणाचा, पक्षाचा की मतदारांचा? त्याला पक्षाचं म्हणणं पटलं नाही तर त्यानं काय करावं? अध्यक्षांकडे हा अधिकार असावा का, नसावा तर कुणाकडे द्यावा? इथे खंजीर वगैरे काही नाही. कुणाचं नावही घ्यावं लागत नाही. तुला या दुसऱ्या भागात पहिल्याइतकीच मजा आली असेल तर डोळे झाकून घे. "हं, बरोबर आहे, पण मग शेवटी मंत्री कोण झालं" असं मनात आलं असेल तर तुला बातम्या आवडतात, आणि त्यासाठी विषय घ्यायची गरज नाही, त्या फुकट मिळतात.

अजून एक. २०१४ च्या लोकसभेला भाजपला साधारण ३१ टक्के मतं पडली आणि ५४३ पैकी २८२ जागा मिळाल्या, स्वतःच्या जोरावर बहुमत. बरेच जण हे वाचून लगेच दोनपैकी एका बाजूला जाऊन उभे राहतात, कुणी म्हणतं बघा किती मोठा विजय आणि कुणी म्हणतं बघा मत देणाऱ्यांपैकी ६९ टक्के लोकांनी त्यांना मत दिलंच नव्हतं. राज्यशास्त्राची मुलगी म्हणते, थांबा, हा हिशोब आपल्या निवडणुकीच्या पद्धतीतच आहे, मतदारसंघात ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून, निम्म्याहून जास्त पाहिजेत असा नियमच नाही, आणि काँग्रेसनंही पूर्वी वर्षानुवर्षं निम्म्याहून कमी मतांवर मोठी बहुमतं मिळवलेली आहेत. मग मतांच्या प्रमाणात जागा देणारी पद्धत आणली तर काय होईल? लहान पक्षांना न्याय मिळेल, पण सरकार टिकेल का, आणि माझा आमदार कोण हे मला सांगता येईल का? अकरावीच्या पुस्तकात प्रतिनिधित्वावर एक प्रकरण आहे, तिथे हेच सगळं येतं.

आता पुस्तकाबद्दल, कारण शेजारची ताई पूर्ण चुकीचं बोलत नाहीये. दहावीला तू इतिहासाबरोबर राज्यशास्त्राची पाच प्रकरणं वाचलीस, संविधानाची वाटचाल, निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी आणि लोकशाहीसमोरची आव्हानं. सगळं ओळखीचं. अकरावीला पुस्तक उघडलं की पहिलं प्रकरण राज्य, मग स्वातंत्र्य आणि हक्क, मग समता आणि न्याय. मतदारसंघ नाही, उमेदवार नाही. स्वातंत्र्य म्हणजे कुणी अडवलं नाही एवढंच की काहीतरी करता यायची ताकद पण हवी, असल्या गोष्टींवर पानंच्या पानं. बातम्या आवडणारी मुलं इथे गळपटतात. त्यातून तरली की न्यायमंडळ, लोकप्रशासन, मग १९४५ नंतरचं जग, शीतयुद्ध वगैरे. आणि बारावीचं पहिलंच प्रकरण १९९१ नंतरचं जग, तिथे युगोस्लाव्हिया फुटतो, इराक कुवेतमध्ये घुसतो, आणि आपल्या राज्यातलं राजकारण वाचायला मिळेल म्हणून आलेली पोरं माझ्याकडे "मॅडम आपलं कधी येणार" अशा नजरेनं बघत बसतात. पुढे भारतासमोरची आव्हानं, सुशासन, भारत आणि जग असं येतं, पण महाराष्ट्राच्या राजकारणाला त्यात फारशी जागा नाही, आणि हे मला स्वतःला पटत नाही. पण सिलॅबस मी ठरवत नाही.

पाठांतर? हो आणि नाही. शंभरपैकी ८० मार्कांचा पेपर असतो आणि २० मार्क प्रोजेक्ट वगैरेचे. पेपरात व्याख्या, सालं, संघटनांची नावं हे पाठ करावंच लागतं. पण विधान चूक की बरोबर ते सकारण सांगा, दोन गोष्टींमधला सहसंबंध स्पष्ट करा, तुमचं मत नोंदवा असेही प्रश्न असतात, आणि गाइडमधलं घोकून आलेली मुलं बरोब्बर तिथेच मार खातात, कारण त्यांना काय झालं ते माहीत असतं आणि का झालं ते माहीत नसतं.

म्हणून मी एक सोपी गोष्ट करायला सांगते. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. अकरावीचं राज्यशास्त्र डाउनलोड कर आणि समता व न्याय हे प्रकरण एका बैठकीत वाच. समजलं नाही तरी चालेल, पण वाचताना तू मनातल्या मनात भांडतेस का ते बघ, "हे काय, असं कसं, मग आरक्षणाचं काय, मग वारसाहक्काचं काय". नंतर आरक्षणाबद्दल तुझं जे काही मत असेल, बाजूनं किंवा विरोधात, त्याच्या बरोब्बर उलट बाजूनं दहा ओळी लिही, अशा लिही की उलट मताच्या माणसानं वाचून म्हणावं, हो, हेच म्हणायचं होतं मला. ते जमलं, किंवा जमलं नाही पण जमवावंसं वाटलं, तर घे.

यूपीएससीचं म्हणशील तर, तुझी बाकीची सगळी कारणं मला चालतील, हे एक कारण एकटं पुढे करू नकोस. ती परीक्षा द्यायला कुठलीही पदवी चालते आणि वय कमीत कमी २१ लागतं, बारावीला कुठला विषय होता हे कुणी विचारत नाही. सामान्य अध्ययनाचा दुसरा पेपर बराचसा संविधान, कारभार आणि आंतरराष्ट्रीय संबंध यांवरच असतो, आणि राज्यशास्त्र वैकल्पिक विषय म्हणून घेतलं तर लेखी परीक्षेच्या १७५० पैकी ५०० मार्क त्याचे, त्यामुळे फायदा आहेच. आता एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा पण लेखी उत्तरांची झालीये, म्हणजे लिहायची सवय तिथेही कामाला येते. पण सोळाव्या वर्षी विषय निवडताना मध्ये निदान पाच वर्षं आहेत, त्यात तुझा विचार तीनदा बदलेल. विषय असा घे की यूपीएससीचं भूत उतरलं तरी तो घेतल्याचं वाईट वाटू नये.

आणि बाबांना सांग, पुढारी व्हायला राज्यशास्त्र लागत नाही. आपल्याकडच्या पुढाऱ्यांची शिक्षणं बघितली तर हे त्यांनाही पटेल.

प्रश्न : माझ्या मुलाला दहावीला ९१ टक्के आहेत. आम्ही सायन्स धरून चाललो होतो, क्लासची चौकशी पण झाली होती, आणि आता तो म्हणतो आर्ट्स, राज्यशास्त्र. मी विरोध करत नाही पण स्कोप काय आहे हे कुणीतरी स्पष्ट सांगावं. गोल गोल उत्तर नको.

उत्तर : स्पष्ट सांगते. नुसतं राज्यशास्त्रात बीए करून हातात पदवी घेऊन बाहेर पडलं तर थेट अशी नोकरी फारशी नाही. इंजिनिअरला जशी कंपनी कॅम्पसवर घ्यायला येते तसं इथे कुणी येत नाही. हा विषय दुसऱ्या कशाला तरी जोडून घ्यायचा असतो, आणि काय जोडायचं हे बीएच्या दुसऱ्या वर्षापर्यंत त्याला ठरवावं लागेल.

सगळ्यात सरळ जोड कायद्याची. पाच वर्षांच्या लॉ कोर्सला बारावी कुठल्याही शाखेतून चालते, खुल्या वर्गाला ४५ टक्के लागतात, आपल्या राज्याची सीईटी आहे आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट आहे. क्लॅटमध्ये १२० प्रश्न आणि दोन तास, त्यात चालू घडामोडी आणि कायद्याचा तर्क यांचा मोठा वाटा, थोडं गणितही आहे, म्हणजे सायन्सकडे निघालेला मुलगा म्हणून त्याचं नुकसान नाही उलट फायदाच आहे. मग पत्रकारिता, सामाजिक संस्था, धोरणांवर संशोधन करणाऱ्या संस्था, आमदार-खासदारांसाठी अभ्यास करून देणारी माणसं, निवडणुकीच्या आकडेवारीचं काम. या शेवटच्या दोन-तीन कामांसाठी त्याला इंग्रजी चांगलं लागेल आणि संख्याशास्त्र थोडं तरी यावं लागेल, हे मात्र कॉलेजात कुणी आपणहून सांगत नाही.

प्राध्यापकी म्हणाल तर एमए, मग नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, आणि त्यानंतर सुद्धा कायमस्वरूपी जागेसाठी वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर राबणारी हुशार माणसं मी रोज स्टाफरूममध्ये बघते. तो मार्ग त्याला सुचवताना माझा हात थोडा अडतो.

पण एक उलटा प्रश्न विचारते, राग मानू नका. ९१ टक्के म्हणजे सायन्स हे गणित आपण कधी आणि कुठून शिकलो? मुलाला आवडत नसताना सायन्स घेतलं की बारावीला ५५ टक्के पडतात आणि मग "आता काय" म्हणून तीच मुलं बीएला येतात, दोन वर्षं आणि आत्मविश्वास दोन्ही घालवून. अशी मुलं माझ्या ओळखीत एक-दोन नाहीत. तो ९१ टक्केवाला आर्ट्सला आला तर मला आनंद होईल, कारण आर्ट्स म्हणजे उरलेल्यांची शाखा हा जो समज आहे तो चांगली मुलं तिकडे वळली तरच मोडेल. फक्त त्याला एवढं विचारा, सायन्स नको आहे की राज्यशास्त्र हवं आहे? पहिलं असेल तर अजून बोला त्याच्याशी.

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे आणि मला आत्ता कळतंय की मला राज्यशास्त्र करायचं होतं. संधी गेली का?

उत्तर : छे. बीएला राज्यशास्त्र घ्यायला सहसा बारावीला तो विषय असायलाच हवा अशी अट नसते, सायन्सची मुलं दरवर्षी येतात आणि चांगली करतात. एमएला सुद्धा बऱ्याच ठिकाणी कुठल्याही पदवीचे विद्यार्थी घेतात. दिल्लीकडच्या केंद्रीय विद्यापीठांत जायचं असेल तर २०२२ पासून सीयूईटी ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, तिथे कोणत्या कोर्सला कोणते पेपर चालतात ते त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तकात नीट वाच, मित्रानं सांगितलं म्हणून फॉर्म भरू नकोस. बारावी नीट पास हो, अर्धवट टाकू नकोस. आणि सुट्टीत ती दोन पुस्तकं वाचून काढ, अकरावीचं आणि बारावीचं, पंधरा दिवसांचं काम आहे.

प्रश्न : मॅडम मी खेड्यात राहतो. आमच्या कॉलेजात पर्यायच नाही, आर्ट्स म्हणजे ठरलेले विषय, त्यात राज्यशास्त्र आलं. सगळे म्हणाले सोपा आहे, पास होतोस. पण मला झोप येते. पुस्तकातल्या गोष्टींचा आमच्याशी काय संबंध तेच कळत नाही.

उत्तर : तुझा प्रश्न या महिन्यातला माझा सगळ्यात आवडता आहे. यावर एक गोष्ट सांगते.

काही वर्षांपूर्वी मी प्रोजेक्ट म्हणून मुलांना सांगितलं, आपापल्या गावच्या ग्रामसभेला जा. काही बोलू नका, मागे बसा आणि लिहून आणा, किती जण आले, कोण बोललं, बायका किती आणि त्यातल्या बोलल्या किती, कशावर वाद झाला, ठराव काय झाला. आपल्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा घ्यायची पद्धत आहे, त्यामुळे तारीख शोधायचीही गरज नाही. एक मुलगा सोमवारी आला तो चेहरा पाडूनच, म्हणाला मॅडम माझा प्रोजेक्ट गेला, सभा झालीच नाही, कोरम नव्हता म्हणून तहकूब केली.

मी म्हटलं, अरे वेड्या, हाच तर तुझा प्रोजेक्ट.

मग त्याला कामाला लावलं. कोरम किती लागतो? गावातल्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तो. म्हणजे भल्या मोठ्या गावातसुद्धा शंभर माणसं जमली तरी सभा होते. तरीही का जमत नाहीत? तो पोरगा आठ-दहा घरं हिंडला. कुणी म्हणालं दवंडी ऐकलीच नाही, कुणी म्हणालं रानात होतो, बायका म्हणाल्या ती वेळ आमच्या स्वयंपाकाची, आणि एक म्हातारे आजोबा त्याला म्हणाले, बाळा, पहिल्या सभेला कशाला जायचं, तहकूब सभेला कोरम लागत नाही, जे काय व्हायचं ते तिथंच होतं. तो हे वाक्य घेऊन माझ्याकडे पळत आला. कारण आता त्याला कळलं की नियम काय सांगतो आणि माणसं तो नियम कसा वापरतात यात फट असते, आणि गावातली सत्ता त्या फटीत बसलेली असते. दुसऱ्या सभेला कोण येतं, तर ज्याला तारीख माहीत आहे तो, आणि तारीख कुणाला माहीत असते, तर ज्याचं काम अडलेलं आहे त्याला.

आता याच्याशी पुस्तक जोडून बघ. १९९२ साली ७३वी घटनादुरुस्ती झाली, तिनं ग्रामसभेला संविधानात जागा दिली. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत, आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असाही नियम आहे. तुझ्या गावात ती होते का? विचारून बघ एकदा ग्रामसेवकाला, त्याचा चेहरा बघण्यासारखा होईल. सरपंचबाई असतील तर पंचायतीत खुर्चीवर कोण बसतं, त्या की त्यांचे मिस्टर? प्रतिनिधित्व म्हणजे काय हे पुस्तकात दहा पानं आहे आणि तुझ्या गावात रोज समोर आहे, मग झोप कशी येते तुला? मला वाटतं तुला विषय कंटाळवाणा वाटत नाहीये, तो तुला पुस्तकातून वाचून दाखवला जातोय आणि त्याचा कंटाळा येतोय. ते तुझ्या हातात नाही, पण ग्रामसभा आहे. खरं सांगायचं तर या विषयात शहरातल्या पोरांपेक्षा तू पुढे आहेस, त्यांना आपला नगरसेवक कोण हे पण माहीत नसतं.

प्रश्न : नमस्कार. आमच्या घरात दोन पिढ्या एका पक्षाचं काम करतात. मुलगी राज्यशास्त्र घ्यायचं म्हणते. मला भीती अशी की कॉलेजात शिक्षक आपली मतं मुलांच्या डोक्यात भरतात, आणि मग घरात भांडणं. तुम्ही स्वतः शिक्षिका आहात म्हणून विचारते.

उत्तर : तुमची भीती खोटी नाही. शिक्षकाला मत असतंच, आणि लपवायचं म्हटलं तरी ते उदाहरणांमधून बाहेर पडतं. चांगल्या सरकारचं उदाहरण म्हणून मी नेहमी कुणाचं घेते आणि वाईटाचं कुणाचं, एवढं मुलांनी महिनाभर टिपलं तरी माझं मत त्यांना कळेल.

एकदा मीच चुकले होते. निवडणुकीचे दिवस होते, वर्गात चर्चा तापली, एका मुलानं विचारलं मॅडम तुम्ही कुणाला देणार, आणि मी हसत हसत सांगून टाकलं. मला वाटलं मोकळेपणा आहे. त्या दिवसानंतर मागच्या बाकावरच्या एका मुलानं हात वर करणं बंद केलं, तोपर्यंत तो रोज वाद घालायचा. त्याचं घर दुसऱ्या बाजूचं होतं हे मला फार उशिरा कळलं. त्याला मी नंतर बोलावून बोलले पण ते पूर्वीसारखं काही झालं नाही. तेव्हापासून वर्गात कुणी विचारलं तर मी सांगते, बारावीचा निकाल लागल्यावर चहाला या, तेव्हा सांगेन.

तुमच्या मुलीचा शिक्षक कसा असेल हे मी सांगू शकत नाही. पण एक बघा, घरात दोन पिढ्या एकच पक्ष म्हणजे मतं भरायचं काम तर घरात आधीच झालेलं आहे. कॉलेजात तिला दुसरी बाजू ऐकायला मिळाली तर एक तर तिचं मत बदलेल किंवा ते आहे त्यापेक्षा पक्कं होईल, कारण आता तिला ते का आहे हे सांगता येईल. भांडणं होतील, हो. जेवणाच्या ताटावर आणीबाणीवरून भांडण होणारं घर मला तरी वाईट वाटत नाही. तिला फक्त एवढं सांगा की बाईंनी किंवा सरांनी काहीही सांगितलं तरी "हे कुठे लिहिलंय" हे विचारायची सवय ठेव. आणि हाच प्रश्न तिनं घरी विचारला तर तुम्हालाही उत्तर द्यावं लागेल, तेवढी तयारी ठेवा!

प्रश्न : राज्यशास्त्र घेतलंय. आता सोबत काय घेऊ? इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, भूगोल, सगळेच वेगवेगळं सांगतात.

उत्तर : अर्थशास्त्र सोडू नकोस, बाकी आवडीचं घे. मुलं आकडे दिसले की अर्थशास्त्र टाळतात, आणि मग अर्थसंकल्प, अनुदान, जीएसटीतला राज्याचा वाटा असं काही आलं की राज्यशास्त्र पण अर्धवट राहतं, कारण सरकार काय बोलतं यापेक्षा पैसा कुठे घालतं हे जास्त खरं असतं. संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर, पण कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, दोन्हीकडच्या त्यांच्या डॉक्टरेट अर्थशास्त्रातल्या. हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी निम्मा वर्ग चकित होतो. इतिहास घेतलास तर १९४५ नंतरचं जग सोपं जाईल. मानसशास्त्र छान आहे, पण ते "माणसं ओळखता येतात" म्हणून घेत असशील तर तिथेही तुझा असाच भ्रमनिरास होईल.

प्रश्न : टीव्हीवरच्या चर्चा बघून राज्यशास्त्राचा अभ्यास होतो का? मी रोज दोन तास बघतो.

उत्तर : नाही होत. चार माणसं एकाच वेळी बोलतात त्यातून तुला फक्त कुणाचा आवाज मोठा हे कळतं. त्या दोन तासांतला एक तास मला दे. अधिवेशन चालू असेल तेव्हा संसद टीव्हीवर लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास लागतो, सकाळी ११ वाजता. कुणी काय विचारलं, मंत्र्यानं उत्तर दिलं की टाळलं, पुरवणी प्रश्न कुणी नीट विचारला, एवढं वहीत लिही. कधी कधी गोंधळ होऊन कामकाज तहकूब होईल, तेही लिही, किती वाजता आणि कशावरून. एक आठवडा कर. मग ती वही घेऊन मला परत लिही, आणि तेव्हा सांग की विषय घ्यायचा की नाही.